मंद प्रकाशातील शिलालेख आणि प्रकाशमापक

नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा रित्ती व शेळके यांनी संपादिलेला संग्रह १९६८ साली प्रसिद्ध झाला. अशा लेखांच्या वाचनास पुष्कळदा छायाचित्राचा आधार घ्यावा लागतो. आणि सावलीतील एखादा अनुस्वार चित्रात लोपला, तर शब्दाचे रूपच पालटते. होट्टलच्या मंदिराचा गाभारा असो वा लातूर जिल्ह्यातील खरोशाचे लेणे असो, शीघ्र फिल्म घेतली म्हणजे काम भागते, हा समज अपुरा आहे. ४०० वेगाची फिल्म १०० वेगाच्या फिल्मपेक्षा चौपट संवेदनक्षम असते; परंतु तिच्यामुळे प्रकाशमापकाची संवेदनक्षमता वाढत नाही. सेलेनियमच्या जुन्या मापकाचा काटा काळोखात जेमतेम हलतो, आणि पट्टीच्या त्या टोकाशी त्याचे मापन विश्वसनीय राहत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. दगडाला समांतर पांढरा कागद धरून त्याचे माप घ्यावे. मापक सर्वसाधारणतः सुमारे १८ टक्के परावर्तन गृहीत धरतो. पांढरा कागद सुमारे ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो. म्हणून मापकाने दर्शविलेला काल पाचपट करावा. अर्धा सेकंद आल्यास अडीच सेकंद द्यावेत. दारातून येणारा उजेड थेट मापकावर पडू देऊ नये.

तथापि सेकंदाहून दीर्घ कालात बहुतेक फिल्मची संवेदनक्षमता घटते. मापकास ही घट कळत नाही. ती निर्मात्याच्या तक्त्यावरून भरून काढावी लागते. शिवाय कमी व अधिक काल देऊन आणखी दोन चित्रे घेणे इष्ट होय. झिजत चाललेल्या दगडावरील अक्षर पुढच्या खेपेस तसेच आढळेल, याची शाश्वती नसते.