जनावर कुठल्या वाटेनं आलं?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी लागते. आषाढात तुकोबांची पालखी इथं येते तेव्हा धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरून पळवतात. कळपावर रोगराई येऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. याच रस्त्यानं एखादी गाय ‘छोटा हत्ती’ टेम्पोत चढवून शेजारच्या तालुक्यात नेणं 2022 च्या सप्टेंबरात बेकायदा ठरलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी हा रोग दिसला. महिना-सव्वा महिन्यात सरकारनं 2009 च्या केंद्रीय पशुरोग नियंत्रण कायद्याखाली सबंध महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केला. गाई-बैलांची वाहतूक, बाजार, जत्रा, प्रदर्शनं, सगळ्यावर बंदी आली. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर नुकत्याच कुठे सुरू झालेल्या बैलगाडा शर्यतीही थांबल्या.

लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला. गोठ्यातल्या गोठ्यात तो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो. माशीला नाक्यावर अडवता येत नाही, म्हणून रस्ते बंद करून काय उपयोग, असं तेव्हा अनेकजण म्हणत. त्यात तथ्य होतं, पण अर्धंच. माशी फार लांब जात नाही. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, एका जिल्ह्यातून तिसऱ्या जिल्ह्यात रोगाची जी उडी पडते, ती बहुतेकदा पिकअपमध्ये उभ्या असलेल्या जनावराबरोबर. संसर्ग झाल्यापासून अंगावर गाठी यायला दिवस लागतात. जागतिक पशुआरोग्य संघटना हा काळ 28 दिवसांपर्यंत धरते. म्हणजे नाक्यावरच्या पोलिसाला धडधाकट दिसणारी गायही आजार घेऊन जात असू शकते. बाधित गावाभोवतीच्या 5 किलोमीटरमध्ये शेळ्यांच्या देवीची लस टोचायची हा माशीवरचा उपाय होता, आणि वाहतूकबंदी हा गाडीवरचा. एकाशिवाय दुसरा लंगडाच.

नकाशावर बारामती-इंदापूरचा हा मुलूख अडवायला सोपा वाटतो. दक्षिणेला दोन्ही तालुक्यांच्या कडेनं नीरा, इंदापूरच्या उत्तरेला भीमा आणि उजनीचा फुगवटा. नदी ओलांडायची तर पुलावरूनच. सोलापूर महामार्गावर सरडेवाडीचा टोलनाका आहेच. पण जनावर विकणारा माणूस टोलनाक्याच्या वाटेनं जातोच असं नाही. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून, फाट्याफाट्यांच्या कडेनं, उसाच्या फडांमधून इतक्या वाटा फुटतात की तिथे उभी करायला अख्ख्या जिल्ह्याचं पोलीस दल पुरणार नाही. शिवाय शनिवारी काष्टीचा बाजार, रविवारी सांगोल्याचा. या भागातला हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्या या दोन दिवसांच्या हिशेबानं चालतो. म्हणूनच बंदीतलं सर्वांत परिणामकारक कलम मला रस्त्याचं नव्हे, बाजाराचं वाटतं. बाजारच भरला नाही की आडवाटेनं जनावर न्यायचं कारणच बरंचसं उरत नाही.

आणि काही गाड्या थांबवून चालणारच नव्हतं. दूध सकाळ-संध्याकाळ निघतं. ते गावातल्या डेअरीवर जातं, तिथून टँकरनं बारामतीच्या एमआयडीसीतल्या किंवा इंदापूरजवळच्या गोखळीतल्या प्रकल्पात. लम्पी माणसाला होत नाही, तरी दुधाविषयी अफवा उठल्याच. चाऱ्याची गाडीही अडवता येत नाही. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त गोठे फिरणारा माणूस कुठल्याच नाक्यावर अडत नाही, तो म्हणजे डॉक्टर आणि कृत्रिम रेतन करणारा. दर जनावराला नवी सुई हा नियम त्याच्यासाठीच होता. रस्त्यावरच्या दहा बॅरिकेडइतकंच मोल त्या एका सुईला द्यायला हवं.

खरी कसोटी मात्र उसाची होती. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचं छत्रपती, बिजवडीचं कर्मयोगी, शहाजीनगरचं नीरा-भीमा, शेटफळगढ्याची बारामती अ‍ॅग्रो: दोन तालुक्यांत साखर कारखान्यांची इतकी धुराडी. त्यांच्यासाठी मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, आणि टायरगाडीवाल्यांबरोबर त्यांचे बैल. वर्षातली जनावरांची सर्वांत मोठी ये-जा हीच, आणि ती बंद करणं कुणाच्याच हातात नव्हतं. गाळप 15 ऑक्टोबरला सुरू व्हायचं होतं. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती उभी राहायला साधारण तीन आठवडे लागतात. मागे मोजत गेलं तर 24 सप्टेंबर ही बैलाला सुई लागण्याची शेवटची तारीख निघते. त्या वर्षी भाद्रपदी पोळा 25 तारखेला होता. पोळ्याला शिंगं रंगवलेला बैल आदल्या दिवसापर्यंत टोचलेला नसेल, तर पहिल्या दिवशी फडात उतरताना तो पुरता सुरक्षित नव्हता.

उशीर किती महाग पडतो हे ब्रिटननं 2001 मध्ये भोगलं. लाळ्या-खुरकूत सापडल्यावर तीनच दिवसांत, 23 फेब्रुवारीला, देशभर जनावरांची वाहतूक थांबवली गेली. तोवर हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून बाधित मेंढ्या दूरदूर पोचल्या होत्या. पुढे 60 लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. तिथेही घात बाजारानं केला. लम्पीच्या बाबतीत बाल्कन देशांचा 2016-17 चा अनुभव अधिक कामाचा: सरसकट कत्तलीपेक्षा सरसकट लसीकरणानं रोग आटोक्यात आला. महाराष्ट्रात गोवंशच सुमारे 1 कोटी 40 लाख. इथं दुसरा मार्गही नव्हता. सरकारनं मृत गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार, वासरामागे 16 हजार रुपये भरपाई ठेवली. आजार लपवण्यापेक्षा कळवणं शेतकऱ्याला परवडावं, हा तिचा उपयोग मला मदतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. दावणीत आजारी गाय आहे हे कळवलंच नाही, तर नाका कुठे लावायचा हे ठरणार कशावरून?

पुढच्या साथीसाठी तजवीज करायची तर ती इंदापुरात नव्हे, टोळ्या जिथून निघतात त्या बीडच्या एखाद्या तांड्यावर करावी लागेल. मुकादम उचल वाटतो तेव्हाच बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक आणि लसीची तारीख त्याच्या वहीत चढली पाहिजे. कारखान्याकडे टोळीचा करार येतोच, त्याला ही यादी जोडायला वेगळी यंत्रणा लागत नाही. नोंद नसलेला बैल ट्रकमध्ये चढणारच नाही. दीडशे-दोनशे किलोमीटर येऊन, बायकापोरं, भांडीकुंडी आणि गाडीसकट भीमेच्या पुलावर उभ्या राहिलेल्या टोळीला परत फिरवायची हिंमत कुठला तहसीलदार करेल?