भाषा जमते, आंघोळ राहते

पुण्यातली २७ वर्षांची एखादी तरुणी डोळ्यांसमोर आणा. ऑफिसातून आली की ती जपानी भाषेची वही उघडते. हिरागाना लिपीची ४६ अक्षरे तिने आठवड्याभरात पाठ केली. डिसेंबरातल्या जेएलपीटी परीक्षेसाठी रात्री दोनपर्यंत जागते. त्या नादात जेवण मात्र राहून जाते. सकाळी दात न घासताच ती बस पकडते. धुतलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर तसाच असतो. थायरॉइडची गोळी आठवड्यातून तीनदा चुकते. ती चुकत राहिली की सुस्ती आणि विसराळूपणा आणखी वाढतो. ‘जपानी शब्द बरे आठवतात, गोळी कशी आठवत नाही?’ हा आईचा प्रश्न रास्त वाटतो. तो तिलाही पडतो आणि हळूहळू ती स्वतःला आळशी ठरवून टाकते.

अशा काही जणांच्या बाबतीत या कोड्याचे उत्तर एडीएचडी, म्हणजे अवधानाची अस्थिरता आणि अतिचंचलता, हे असते. नावावरून वाटते, की या व्यक्तींकडे लक्षच कमी असते. प्रत्यक्षात लक्ष भरपूर असते. ते हवे तेव्हा हवे तिकडे वळवण्याचा लगाम सैल असतो. नियोजन, सुरुवात करणे, वेळेचा अंदाज घेणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाची. तिथल्या डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांच्या कामात फरक असतो. त्यामुळे नवे, आवडीचे किंवा लगेच फळ देणारे काम हा मेंदू झटकन उचलतो. रोजचे, कंटाळवाणे, ज्याचे फळ उशिरा मिळते असे काम सुरूच होत नाही.

नवी भाषा या मेंदूला म्हणूनच मानवते. आज शिकलेला शब्द आजच वापरता येतो, गाण्यात ओळखू येतो. दात घासण्याचे फळ मात्र दहा वर्षांनी दिसते. शिवाय ‘आंघोळ’ म्हणायला एक काम असले, तरी पाणी तापवणे, टॉवेल शोधणे, कपडे काढून ठेवणे, केस वाळवणे अशा अनेक पायऱ्या त्यात असतात. प्रत्येक पायरीवर लक्ष निसटू शकते.

अर्थात विसराळू माणसाला एडीएचडी असतोच असे नाही. प्रौढांमध्ये निदान करताना ठरावीक लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे, त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून, आणि घर, शिक्षण, नोकरी यांपैकी किमान दोन ठिकाणी त्रास, हे पाहिले जाते. अपुरी झोप, नैराश्य, चिंता, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय यांमुळेही लक्ष उडते. म्हणून मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून स्वतःच निदान करू नये. वर्गात धिंगाणा न घालता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुली मात्र अनेकदा नजरेतून सुटतात आणि त्यांचे निदान मोठेपणी होते. हा विकार संस्कार कमी पडल्याने होत नाही; त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे.

आवड टिकवताना

भाषेचा आनंद घ्यावा, पण त्यातही दोन खड्डे आहेत. पहिला, नवेपणा ओसरला की वही कपाटात जाते आणि दुसरी भाषा सुरू होते. दुसरा, ॲपवर सलग दिवसांची मोजणी एकदा तुटली की ‘गेलेच सगळे’ म्हणून अभ्यास सुटतो. तेव्हा खाडा होणार, हे आधीच धरून चालावे. दिवसाचे किमान काम पाच शब्द एवढेच ठेवावे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. तेव्हापासून माहीत आहे, की एका दमात पाठ करण्यापेक्षा एक दिवस, तीन दिवस, आठवडा अशा अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. थोडे थोडे शिकण्याची ही पद्धत चंचल मनालाही सोयीची. मोठ्याने म्हणणे, चालता चालता ऐकणे, सोबत्याबरोबर बोलणे यांनी शरीरही कामाला लागते.

तीच युक्ती न्हाणीघरात

भाषेत जे चालते, तेच दिनचर्येत आणावे. नवेपणा, सोबत आणि लगेच मिळणारे बक्षीस. आरशावर चिठ्ठी लावावी: ‘हाबुराशी’, म्हणजे दात घासायचा ब्रश. गोळ्यांच्या डबीवर ‘कुसुरी’, म्हणजे औषध. पाण्याच्या बाटलीवर ‘मिझु’. आवडीचा जपानी ध्वनिपाठ फक्त दात घासताना किंवा कपड्यांच्या घड्या घालतानाच ऐकायचा, असा नियम करावा. महिन्याभराने चिठ्ठी दिसेनाशी होते, तेव्हा रंग, जागा किंवा भाषा बदलावी. युक्ती शिळी होणे हे अपयश नव्हे.

जे लक्षात राहत नाही, ते डोळ्यांसमोर ठेवावे. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी असली, की आजची गोळी घेतली की नाही, हा वाद उरत नाही. उद्याचे कपडे रात्रीच टांगावेत. स्वयंपाक सुचणार नाही अशा दिवसासाठी केळी, भाजलेले चणे, शेंगदाणे, दही, पोहे घरात असावेत. अभ्यासाला बसताना दोन गजर लावावेत, एक जेवणाचा आणि एक झोपेचा. मोबाइल मात्र उठून जावे लागेल इतका दूर ठेवावा. पूर्ण आंघोळ होत नसेल त्या दिवशी हातपाय-तोंड धुणेही चालेल. घरच्यांनी ‘कितीदा सांगायचे?’ म्हणण्याऐवजी दहा मिनिटे त्याच खोलीत आपले काम करत बसावे. नुसत्या सोबतीनेही अडलेले काम सुरू होते.

एवढ्याने भागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधे आणि वर्तनोपचार यांचा अनेकांना चांगला उपयोग होतो. या औषधांनी भूक मंदावू शकते, मिथाइलफेनिडेटने झोपही उडू शकते. आधीच जेवण विसरणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्तदाब आणि वजन तपासत राहावे. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आईच्या प्रश्नात खरे तर उपाय दडलेला आहे. जपानी शब्द कशामुळे आठवतात, हे दोघींनी मिळून शोधावे. ज्या वाटेने ते शब्द लक्षात राहिले, त्याच वाटेने सकाळची गोळीही आठवू लागेल.