पाय मोजा, मग औषध मागा

शेतात काही वळवळताना दिसलं की आपण म्हणतो, "किडा पडला." दुकानातही तेच, "किड्याचं औषध द्या." या एका शब्दात आपण किती वेगवेगळे जीव कोंबलेत, ते आज बघू.

आपल्याला पाठीचा कणा आहे. गाईला, कोंबडीला, सापाला, माशालाही आहे. पण माणसाला ठाऊक असलेल्या प्राण्यांच्या दर १०० जातींतल्या ९५हून जास्त जातींना कणाच नाही! पुस्तकात त्यांना अपृष्ठवंशीय म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल, पाय मोजायला विसरू नका.

सहा पाय असले तर तो कीटक. मुंगी, मधमाशी, मावा, झुरळ, भुंगेरा हे सगळे त्यात आले. अळीला पाय जास्त दिसतात, पण पुढचे सहाच खरे, मागचे नुसते मांसाचे खुंट. आठ पाय असले तर कोळी, विंचू किंवा गोचीड. खेकड्याचे नांग्या धरून दहा. गोमेच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला पायांची एक जोडी, तर वाणी, म्हणजे पैसा, त्याच्या बहुतेक कड्यांना दोन. या सगळ्यांचे पाय सांध्यात वाकतात, म्हणून त्यांचं कूळ एक, संधिपाद. गांडूळ आणि जळू बिनपायाच्या, अंगावर वलयं असलेल्या कुळातले. आणि गोगलगाय? ती मऊ अंगाची. तिचं नातं शिंपल्यांशी, कालवांशी.

आता हे कूळ बघायचं कशाला? तर पैसा वाचवायला.

वांग्याच्या, भेंडीच्या पानाखाली बारीक जाळी दिसते, पान ठिपके पडून पिवळं होतं. तो लाल कोळी. भिंगातून बघा, मोठ्याला आठ पाय असतात. तो कीटक नाही, म्हणून पुष्कळशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. दुकानात "कोळीनाशक" असंच नाव घेऊन मागा.

दुसरी गोगलगाय. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. ही कीटक नाहीच, तेव्हा अळीचं औषध मारून काय होणार? तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, अंडी प्रत्येकच घालते, आणि एका खेपेला शंभरावर घालू शकते.

इथे गटाचं काम आहे. एकटीनं आपलं शेत साफ केलं तरी बांधापलीकडून त्या परत येतातच. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधालगत अंथरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ शेतात टाकू नका, जमीन बिघडते. मातीत पांढरट अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही काढा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरणार असाल, तर कृषी सहायकाला विचारूनच वापरा, आणि त्या दिवसांत कुत्री-कोंबड्या बांधून-कोंडून ठेवा. ते विष त्यांनाही लागतं.