कुत्रा ओढतो, कारण ओढल्याने त्याचं काम होतं

आजचा भाग पट्ट्याबद्दल आहे. कुत्र्याला आपण फिरवतो की कुत्रा आपल्याला, हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की त्यावर एक आख्खा भाग करणं भागच होतं. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी आहे तसंच.

आधी माझी बाजू सांगतो. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, प्राण्यांचा डॉक्टर नाही. पण गेले पाच महिने परभणीत घरून काम करतोय आणि घरात मोत्या आहे. मोत्या कारवानी. दीड वर्षाचा, लांब पायांचा, पोट पाठीला लागलेलं. बघणाऱ्याला वाटतं आम्ही याला जेवायला घालत नाही. हा आमच्या आखाड्यावर जन्मला आणि लहानपणीच शहरातल्या घरी आला. मला पुढच्या महिन्यात पुण्याला ऑफिसात हजर व्हायचंय. म्हणजे सकाळ-संध्याकाळ मोत्याला आईच फिरवणार. आई अठ्ठावन्न वर्षांची, आणि तिचं म्हणणं सरळ होतं, "हे कुत्रं मला ओढायलंय रे, एखाद्या दिवशी तोंडावर पाडंल." बाबांचं उत्तर त्याहून सरळ, "आखाड्यावर नेऊन बांध त्याला." बांध म्हणजे खरंच बांध. साखळी, खुंटा, दिवसभर. ज्या कुत्र्याला पळण्यासाठीच घडवलंय, त्याची बाकीची दहा-बारा वर्षं खुंट्याला. म्हणून हा विषय माझ्यासाठी छंदाचा नाही.

तर, कुत्रा ओढतो का? 'त्याला मालक व्हायचंय', 'तो वरचढ व्हायला बघतोय' असली उत्तरं यूट्यूबवर ढिगाने मिळतात. ती सोडून द्या. कारण फार साधं आहे. कुत्र्याची नेहमीची चाल आपल्यापेक्षा वेगवान असते. समोर खांब आहे, खांबावर वास आहे. त्याने ओढलं, आपण दोन पावलं पुढे गेलो, वास मिळाला. झालं. ओढलं की मिळतं, हा धडा आपणच शिकवला.

अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १८९८ च्या सुमारास त्यांनी मांजरांना खटकेवाल्या पेटीत ठेवून बघितलं. ज्या हालचालीने दार उघडतं ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं, बाकीच्या हळूहळू गळून पडतात. आपल्या पट्ट्यावर नेमकं हेच चालू असतं. पुढे स्किनर यांनी त्यात एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. बक्षीस दरवेळी न देता मधूनमधून, कधी मिळेल ते न कळता मिळालं, तर सवय जास्त चिवट होते. रील्स स्क्रोल करताना आपला अंगठा थांबत नाही ना, तसंच. म्हणून दहापैकी नऊ वेळा तुम्ही थांबलात आणि दहाव्या वेळी 'जाऊ दे, मीटिंग आहे' म्हणून ओढू दिलंत, तर मोत्याच्या डोक्यात नोंद होते की जरा जास्त वेळ ओढत राहावं लागतं, एवढंच.

आता कारवानीबद्दल थोडं, कारण मराठवाड्यात ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे हेच किंवा याचं मिश्रण आहे. आपण कारवानी म्हणतो, कानावर-शेपटीवर लांब केस असले तर पश्मी म्हणतो, कर्नाटकात मुधोळ म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, तिथल्या घोरपडे राजांनी ही जात जपली. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. इकडे लातूर जिल्ह्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारा. दूरवर ससा हलला की सुटला. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, पण कायदा कुत्र्याच्या रक्तात थोडाच उतरतो? वसमत रोडवर मांजर आडवं गेलं की त्याच्यासाठी तो ससाच.

याचे दोन परिणाम. एक, हा कुत्रा एका क्षणात शून्यावरून पूर्ण वेगात जातो, त्यामुळे हिसका जबर बसतो. दोन, याचं डोकं निमुळतं आणि मान जाड. साधा गळपट्टा मागे सरकला की डोक्यावरून अलगद निघतो आणि कुत्रा मोकळा. म्हणून कारवानीला एकतर ओढल्यावर थोडा आवळणारा आणि ठरावीक मापाला थांबणारा मार्टिंगेल पट्टा, नाहीतर छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस. पुढच्या कडीला पट्टा लावला की ओढल्यावर कुत्रा आपल्याकडेच वळतो. कडी फक्त पाठीवर असेल तर उलट तो बैलासारखा जोर लावतो. ओढण्यासाठी जू खांद्यावर देतात ते उगाच नाही.

गळा आवळणाऱ्या आणि आत काटे असलेल्या साखळ्या नकोत. हे नुसतं भावनेने म्हणत नाही. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास छापला. हिसके, ओरडा यावर चालणाऱ्या प्रशिक्षणातली कुत्री जास्त तणावात दिसली आणि तणावाचं संप्रेरकही त्यांच्यात जास्त वाढलेलं आढळलं. शिवाय साधा हिशेब बघा. समोर दुसरं कुत्रं दिसलं आणि त्याच क्षणी मान आवळली, तर कुत्रा काय शिकेल? दुसरं कुत्रं दिसलं की दुखतं. पुढच्या वेळी तो आधीच भुंकेल.

साधा सपाट पट्टा सहा फुटांचा पुरे. आपोआप गुंडाळणारा डबीवाला पट्टा या कामाला नको, कारण त्यात ओढलं की दोरी वाढते, म्हणजे बक्षीस! लांब दोरीसाठी मी मोंढ्यातून बैलाचा कासरा आणला. मऊ, मजबूत आणि ऑनलाइनच्या 'ट्रेनिंग लीश'पेक्षा कितीतरी स्वस्त. मोकळ्या मैदानात हाक मारून बोलवायचा सराव त्यावर उत्तम होतो. फक्त लांब दोरी नेहमी हार्नेसला, गळ्यातल्या पट्ट्याला नाही. पळत जाऊन टोकाला झटका बसला तर मानेला इजा होते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पट्ट्याचा फास मनगटात अडकवू नका. मनगटं मोडतात ती अशीच. फास अंगठ्यात घेऊन मूठ बंद, दुसरा हात पट्ट्याच्या मध्यावर. आईला हे आधी कुत्र्याशिवाय शिकवलं. दाराच्या कडीला पट्टा बांधून. शेजारच्या काकू बघून हसत होत्या, हसू दे.

प्रत्यक्ष शिकवणं घरात सुरू होतं, रस्त्यावर नाही. आपण पोहायला शिकवायला कुणाला पूर आलेल्या गोदावरीत ढकलत नाही. पहिले चार-पाच दिवस हॉलमध्ये, मग गच्चीवर. पट्टा सैल असताना तो आपल्या बाजूला आला की एक ठरलेला शब्द आणि लगेच खाऊ. शब्द कोणताही चालेल, पण घरात सगळ्यांचा एकच हवा. आमच्याकडे बाबा 'चल बे' म्हणत, आई 'ये रे राजा', मी 'येस', आणि मोत्या तिघांकडेही बघत नसे. एकाच फंक्शनला तीन नावं दिल्यावर कोड कसा चालणार? शेवटी 'हां' ठरलं, कारण ते आईच्या तोंडात आपसूक येतं. खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, उकडलेलं अंडं, शाकाहारी घरात पनीर. मनुका, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट मात्र कधीच नाही, ती कुत्र्याला विषारी आहेत.

मग रस्ता. नियम एकच. पट्टा सैल तर आपण चालतो, पट्टा ताणला की आपण खांब. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही. खेचलं की तोही उलट जोर लावतो. नुसतं थांबायचं. तो वळून बघेल, एक पाऊल मागे येईल, पट्टा सैल होईल. 'हां'. चला. पहिल्या दिवशी आमच्या दारापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोनशे पावलांत, ३१ वेळा थांबलो. मी शीटमध्ये नोंद ठेवली, सवय आहे. दुसऱ्या आठवड्यात १८, मग २२, मग ९. मधला २२ बघून घाबरू नका. सवय मोडताना आधी जोर वाढतो, कारण जुनं बटण चालत नाही म्हटल्यावर आपणही ते जास्त जोरात दाबतोच.

वयाचाही भाग आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की साधारण आठ महिन्यांची कुत्री स्वतःच्या माणसाचं ऐकायचं कमी करतात, परक्याचं मात्र ऐकतात. थोडक्यात, पोरगं वयात आलंय. पुढे ते बरंच निवळतं.

बक्षीस म्हणजे फक्त खाऊ नाही, हे मात्र माझ्या मते बहुतेक व्हिडिओंत नीट सांगत नाहीत. मोत्याला खांबापर्यंत जायचंय ना? मग चार पावलं सैल पट्ट्यावर चाल, आणि 'जा, हुंग'. आधी भाजी संपव, मग श्रीखंड. हुंगणं ही कुत्र्याची टाइमलाइन आहे, ती वाचू द्या. वीस मिनिटांत पाचशे मीटरच झाले तरी चालेल. सैनिकासारखं पायाशी चिकटून चालवायचं खूळ मला पटत नाही. आपल्याला शांत कुत्रा हवाय, परेड नको.

आता परभणीतलं खरं संकट, गल्लीतली कुत्री. एका गल्लीची टोळी संपते तिथे दुसरी सुरू. प्रत्येक कुत्र्याला एक अंतर असतं, त्याच्या पलीकडे समोरचं कुत्रं दिसलं तरी तो खाऊ खाऊ शकतो, विचार करू शकतो. त्या अंतराच्या आत आला की कान बंद. मोत्याचं हे अंतर सुरुवातीला साधारण दोन विजेच्या खांबांमधलं होतं. तेवढ्या लांबून कुत्रं दिसलं की चिकन, कुत्रं दिसेनासं झालं की चिकन बंद. रशियाच्या पावलोव्ह यांची घंटा आठवते? तीच युक्ती, घंटेच्या जागी गल्लीतला काळू. काही आठवड्यांनी काळू दिसला की मोत्या माझ्याकडे बघायला लागला. अंतर मग चार-चार पावलांनी कमी केलं. टोळी अंगावर आलीच तर पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, आपल्या कुत्र्याला घेऊन शांतपणे वळून परत फिरायचं. वळण्याचा सराव आधी रिकाम्या गल्लीत करून ठेवा, ऐनवेळी तो सुचत नाही.

ही कुत्री हटवा म्हणून भांडण्यात अर्थ नाही. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं साधारणपणे त्याच भागात परत सोडतात. कानाला खाच दिसली तर त्याची नसबंदी झालीय असं समजा. म्हणून मी वेळ आणि रस्ता बदलला. मटणाच्या दुकानाची गल्ली बंद, विद्यापीठाकडचा मोकळा रस्ता चालू. आपल्या कुत्र्याची रेबीजची लस वेळेवर हवीच. आणि माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्या.

ऊन विसरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे सहज जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा. नाही ठेववली तर कुत्र्याचे पायही नकोत. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावरही एकदा हात लावून बघूनच. पावसाळ्यात काळी माती बोटांत गच्च बसते, घरी आल्यावर पाय धुवा.

आणि नीट चालणारा कुत्रा अचानक ओढायला, गुरगुरायला लागला तर आधी शिकवणीत दोष शोधू नका. पट्ट्याखाली मानेला गोचीड असतात, पंजात काटा असतो, कान दुखत असतो. डॉक्टरला दाखवा. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

आमची आजची स्थिती सांगतो. गेले बारा दिवस मोत्याला आई फिरवतेय, मी वीस पावलं मागे, फोनमध्ये मोजत. काल कोपऱ्यापर्यंत ४ वेळा थांबावं लागलं. मांजराचा प्रश्न सुटलेला नाही, तो बहुधा पूर्ण सुटणारही नाही, म्हणून आईने मांजरवाल्या घरासमोर रस्ता ओलांडायचा असं स्वतःच ठरवलंय. बाबा अजून आखाड्याचा विषय काढतात, पण परवा संध्याकाळी आईचे गुडघे दुखत होते तर पट्टा त्यांनीच हातात घेतला. फास मनगटात घालू नका, हे आईनेच त्यांना ओरडून सांगितलं.

तुमचा कुत्रा नेमका कुठे अडतो ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात दारावरची बेल आणि भुंकणं.