खेळातल्या आगगाडीचे रूळ आणि वीज

मागे एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्हांला परीक्षक म्हणून बोलावले होते. आठवीच्या मुलांनी चार मीटर लांबीच्या सरळ रुळांवर विजेची छोटी आगगाडी मांडली होती. गाडी एका टोकाहून ऐटीत निघे, पण पुढे मंदावत जाई आणि दुसरे टोक यायच्या आतच थांबे. शिक्षकांनी गाडी उचलून ठेवली व त्या टोकाला रुळांवर मल्टिमीटर लावला. काटा बरोबर 6 व्होल्टवर! पुरवठाही 6 व्होल्टच होता. ‘वीज पोचते आहे, तेव्हा मोटारच बिघडली,’ असे ठरले आणि मुले हिरमुसली.

मोटार ठणठणीत होती. मग चूक कुठे झाली?

आधी ही वीज जाते कशी ते पाहू. सर्वत्र आढळणाऱ्या एच.ओ. प्रकारात गाडी खऱ्या गाडीच्या 87 पट लहान असते आणि दोन रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर असते. स्लीपर प्लॅस्टिकचे, त्यामुळे दोन्ही रूळ एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग राहतात. इंजिनाच्या दोन बाजूंची चाकेही तशीच अलग केलेली असतात. पुरवठ्याची एक तार एका रुळाला, दुसरी दुसऱ्याला. चाके, मोटार आणि पलीकडची चाके यांतून परिपथ पूर्ण होतो.

खऱ्या रेल्वेत असे नसते. आपल्याकडे वरच्या तारेत 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती वीज असते आणि रूळ फक्त परतीच्या वाटेचे काम करतात. दोन्ही रुळांतून वीज देण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला नाही असे मात्र नाही. 1881 मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे सीमेन्स यांनी अशीच ट्राम चालवली. विभवांतर सुमारे 180 व्होल्ट होते. रस्ता ओलांडताना घोड्यांना व माणसांना धक्के बसू लागले! खेळात 12 व्होल्टच्या आत राहायचे ते यासाठीच. घरातली 230 व्होल्टची वीज रुळांना कधीही थेट जोडू नये. मध्ये ट्रान्सफॉर्मर, एकदिशकारक आणि फ्यूज असलेली तयार पेटीच वापरावी. नुसता ट्रान्सफॉर्मर चालणार नाही. मोटारीतले चुंबक कायमचे असल्याने प्रत्यावर्ती विजेवर ती फक्त गुणगुणेल आणि तापेल.

उजवा रूळ धन असला की इंजिन पुढे जाते, असा संकेत आहे. तारांची अदलाबदल केली की ते मागे जाते. आता वर्गात विचारा : तारा न बदलता इंजिनच उचलून उलट तोंडाने ठेवले तर? बहुतेक मुले ‘उलट दिशेने जाईल’ म्हणतील. प्रत्यक्षात ते पूर्वीच्याच दिशेने जाते, फक्त पाठीमागे चालत. कारण त्याच्या उजवीकडचा रूळ आता ऋण झालेला असतो.

आता त्या थांबलेल्या गाडीकडे वळू. रूळ निकल-सिल्व्हरचे असतात (नावात चांदी, पण आत तांबे, निकेल आणि जस्त). याची रोधकता तांब्याच्या सुमारे 17 पट. रुळाचा छेद 2 चौरस मिलिमीटर धरला, तर जोडरुळांचा रोध मीटरला 0.3 ओहम होतो. चार मीटरला 1.2 ओहम, म्हणजे अर्ध्या अँपिअरला 0.6 व्होल्टची घट. एवढ्याने गाडी थांबत नाही. खरा गुन्हेगार म्हणजे सांधे. 23 सेंटिमीटरचे सतरा तुकडे, म्हणून सोळा ठिकाणी जोड, दोन्ही बाजूंचे मिळून 32 सांधे. मळलेल्या, सैल जोडपट्टीचा रोध 0.2 ओहम जरी धरला, तरी 6.4 ओहम होतात आणि 3.2 व्होल्ट तिथेच जातात. सहातून 3.8 गेले, मोटारीला उरले जेमतेम 2.2 व्होल्ट.

मग मल्टिमीटरने 6 कसे दाखवले? गाडी उचललेली होती! मीटरचा स्वतःचा रोध इतका मोठा असतो की त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. प्रवाह नाही तर घटही नाही. गाडी टोकाला रुळांवर ठेवून मोजले तेव्हा काटा दोनच्या आसपास उतरला. शेतावरचा पंप सुरू झाला की लाइनीच्या शेवटच्या घरातला दिवा मंदावतो, तोच हा प्रकार.

उपाय सोपा निघाला. फळीखालून तांब्याच्या दोन जाड तारा रुळांच्या लांबीभर नेल्या आणि मीटर-मीटरवर बारीक तारांनी त्या आपापल्या रुळाला डाखल्या. डावी-उजवीची गफलत होऊ नये म्हणून तारा लाल व काळ्या घेतल्या. प्रवाहाला आता सगळे सांधे ओलांडावे लागत नव्हते. दुपारनंतर गाडी दोन्ही टोके गाठू लागली.

मुलांना पुढे टोकाला वळसा घालून गाडी त्याच रुळांवर परत आणायची होती. तसे केले की डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो आणि थेट शॉर्ट सर्किट होते. वळशाच्या सुरुवातीला व शेवटी दोन्ही रूळ कापून, तो भाग वेगळ्या उलटसुलट स्विचने जोडावा लागतो. हा स्विच नेमका केव्हा फिरवायचा, हे कागदावर धन-ऋण चिन्हे मांडून मुलांनाच शोधू द्यावे. आमच्या त्या आठवीच्या मुलांना दोन तास लागले.