एसी थंड करेना, म्हणजे गॅसच संपला का?

यंत्रांवरच्या या व्याख्यानांत आज गाडीचा एसी घेऊ. एसी थंड करेनासा झाला, गाडी गॅरेजला नेली, की बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकू येतं, 'गॅस संपलाय, भरून देतो.' दोन-तीन हजार रुपये जातात, महिनाभर गारवा मिळतो आणि ऐन मे महिन्यात पुन्हा तीच गत. हे वाक्य खरं कधी असतं आणि कधी नसतं, एवढंच आज आपण बघणार आहोत.

आधी माठ आठवा. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एसीत पाण्याच्या जागी, आजच्या बहुतेक गाड्यांत, आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. बाहेरच्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आड जी कूलिंग कॉइल असते तिच्यात त्याची वाफ होते, ब्लोअर त्या कॉइलवरून हवा फेकतो, ती गार होते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे उष्णता बाहेर टाकून ती पुन्हा द्रव होते आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून परत कॉइलमध्ये येते. माठातलं पाणी उडून जातं, हे मात्र बंद नळ्यांतून फिरत राहतं. साध्या मोटारीत हा सगळा माल जेमतेम अर्धा किलो असतो.

म्हणजे बघा, पेट्रोल संपतं कारण ते जळतं. गॅस जळत नाही, त्यामुळे संपतही नाही. रबरी नळ्या आणि सील यांतून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो, ते मान्य. पण मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं.

आता दुसरी बाजू. गॅस पूर्ण असूनही एसी थंड करत नाही, असं पुष्कळदा होतं. गाडी पळते तेव्हा थंड आणि सिग्नलला थांबली की कोमट? मग संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. पळताना वारा आपोआप लागतो, थांबल्यावर तो पंख्यानेच द्यायचा असतो. कंडेन्सरच्या जाळीत चिखल-धूळ बसली असेल तरी हेच होतं. सुरुवातीला छान गार, मग हवेचा झोतच कमी होत जातो? कॉइलवर बर्फ धरतोय, किंवा केबिन फिल्टर तुंबलाय. फिल्टर आधी काढून बघा, फुकटचं काम आहे. एका बाजूने गार आणि दुसरीकडून गरम हवा येत असेल तर आतली गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलेली असू शकते. आणि एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'टक्' आवाजच आला नाही, तर फ्यूज आणि रिले आधी तपासायचे. मात्र गॅस फार कमी झाला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही, हे ध्यानात ठेवा. (काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतोच, तिथे आवाजाची वाट बघू नका.)

'पण मेकॅनिकने मीटर लावून दाखवला की!' असं तुम्ही म्हणाल. इथे जरा थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे. घरचा गॅस सिलिंडर घ्या. तो भरलेला असो की पाव उरलेला, आत थोडा जरी द्रव असेल तोवर दाब जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून तर आपण सिलिंडर काट्याला लावून मोजतो. एसीचंही तसंच. गाडी बंद असताना दाब फक्त तापमान सांगतो: ३० अंशांना सुमारे ९५ पीएसआय, ४० अंशांना सुमारे १३०. आत ५०० ग्रॅम आहे की ३००, हे त्या काट्यावरून कळत नाही. इंजिन चालू असतानाचे दोन्ही आकडे जास्त बोलतात खरे, पण पंखा बंद असला किंवा जाळी तुंबली असली तरी तेही बिघडतात. खात्रीचा मार्ग एकच. आतला गॅस मशीनने काढून घ्यायचा, वजन करायचं, बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमशी ताडून बघायचं.

गळती शोधणंही अवघड नाही. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, म्हणून जिथून गळतं तिथे तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. नाही दिसला तर नायट्रोजन भरून साबणाचे बुडबुडे, किंवा रंग टाकून अतिनील दिवा. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम केल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो. आणि हे नळे घरी स्वतः उघडायचे नाहीत. तो द्रव डोळ्यात उडाला तर हिमदाह होतो.

यात पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. जुन्या आर-१२ने ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमान वाढवतो. अर्धा किलो हवेत सोडला म्हणजे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड; सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. जुना गॅस हवेत 'फुस्' करून सोडणाऱ्या गॅरेजला आम्ही तरी गाडी देणार नाही.

समोरून प्रश्न आलाय, दरवर्षी गॅस बदलावा का? नाही. ते इंजिन ऑइल नव्हे. थंडी चांगली होत असेल तर हात लावू नका. फक्त हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील कोरडं पडत नाही.