कावड किती वेगानं चालवायची?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराची कावड येते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून शिवभक्त सुमारे 18 किलोमीटर पायी चालत मंदिर गाठतात. समजा, जठारपेठेतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला हा प्रवास स्क्रीनवर दाखवायचाय : नकाशावर 540 पिक्सेलची वाट, तिच्यावर सरकणारा भगवा ठिपका आणि सगळं 15 सेकंदांत.

पहिला प्रोग्राम बहुतेक जण एकसारखाच लिहितात. ब्राउझरनं चित्र नव्यानं काढलं की ठिपका 0.6 पिक्सेल पुढे. साधा मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे सेकंदाला 36 पिक्सेल. हिशेब चोख. पण हेच मित्राच्या 120 हर्ट्‌झच्या फोनवर उघडलं की कावड साडेसात सेकंदांत मंदिराच्या दारात!

म्हणून वेग फ्रेमला नाही, घड्याळाला बांधायचा. जावास्क्रिप्टमधलं रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम दर वेळी आपल्या फंक्शनला वेळ मिलिसेकंदात देतं. मागची वेळ त्यातून वजा केली, हजारानं भागलं की मधे किती सेकंद गेले ते कळतं. त्याला 36 नं गुणून ठिपका तेवढाच पुढे न्यायचा. आता फोन कुठलाही असो, 15 सेकंद म्हणजे 15 सेकंद.

वेग कमी-जास्त करायचं बटण हवं असेल तर याच गुणाकारात आणखी एक आकडा घाला : 2 म्हणजे दुप्पट, 0.5 म्हणजे निम्मा, 0 म्हणजे थांबा. इथं एक खोच आहे. सुरुवातीपासूनचा एकूण वेळ घेऊन त्याला 2 नं गुणलं, तर दहाव्या सेकंदाला 360 वर असलेला ठिपका बटण दाबताच 720 वर, म्हणजे थेट नकाशाबाहेर. मागं चाललेली वाटही दुप्पट मोजली गेली ना! तेव्हा दर फ्रेमला नव्यानं गेलेला वेळच गुणायचा आणि आधीच्या जागेत मिळवायचा.

दुसरा टॅब उघडला की ब्राउझर हे फंक्शन बोलवायचं थांबवतो. परत आल्यावर मधला सगळा वेळ एकदम पदरात पडतो नि कावड उडी मारते. एका फ्रेमला 0.1 सेकंदाहून जास्त मोजायचंच नाही, असं बंधन घातलं की झालं.

व्हिडिओ फाइलची गोष्ट वेगळी. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) आधी वाटाण्याचा वेल वाढताना चित्रित केला होता. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उरकली, कारण फ्रेम घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये नेमकं हेच विसरलं जातं. तिथं ‘इंटर्व्हल’ खिडकीतल्या चित्रापुरता असतो. 150 फ्रेम, इंटर्व्हल 100 मिलिसेकंद, म्हणजे 15 सेकंद. अर्थात एक फ्रेम काढायलाच 300 मिलिसेकंद लागत असतील तर घोडं तिथंच पेंड खाणार. सेव्ह करताना मात्र ‘एफपीएस’ 30 दिला की त्याच 150 फ्रेम 5 सेकंदांत संपतात. एफपीएस दिलाच नाही तर तो इंटर्व्हलवरून काढला जातो.

जिफ करायची असेल तर 60 चा हट्ट सोडा. जिफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, तोही पूर्णांकात लिहिला जातो. 60 ला 1.67 येतो, तो बसत नाही. 1 लिहिला तर बरेच ब्राउझर त्याला 10 धरतात आणि ॲनिमेशन उलट रेंगाळतं. 25 घ्या. वेळ 4 येतो, बाकी उरत नाही. 15 सेकंदांना 375 फ्रेम पुरतात.